चमच्याचा आवाज

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०२५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी नात दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला पुण्याहून आमच्याकडे सांगलीला आली होती. दुपारी पंख्याखाली पालथी पडून ती एक इंग्रजी कादंबरी वाचायची. हातात आंब्याची फोड, रस कोपरापर्यंत ओघळतोय, पण पानावरची नजर हलत नाही. मी अठ्ठावीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. कुणी इतकं गढून वाचताना दिसलं, की काय वाचतंय हे बघितल्याशिवाय मला अजूनही राहवत नाही. मी विचारलं, ''कसलं गं पुस्तक?'' ती म्हणाली, ''आजी, यात दोन भाऊ आहेत आणि एक मुलगी. मी मोठ्या भावाच्या बाजूची आहे. माझ्या निम्म्या मैत्रिणी धाकट्याच्या बाजूच्या आहेत. आमची जाम भांडणं होतात.''

मी हसले. नुसतं हसले असते तरी चाललं असतं. वर म्हणाले, ''तुमची वयं काय, आणि बाजू कसल्या घेता! त्यापेक्षा काहीतरी चांगलं वाच.'' तिनं उत्तर दिलं नाही. पुस्तक मिटलं आणि उशीखाली सारलं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी जेवणाखाण्यापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी मी ते पुस्तक तिच्याकडून मागून घेतलं. तिनं जरा संशयानंच दिलं. पुस्तकाचं नाव 'द समर आय टर्न्ड प्रिटी'. लेखिका जेनी हान. पुस्तक अमेरिकेत २००९ साली निघालं. पुढचे दोन भाग २०१० आणि २०११ मध्ये आले. २०२२ पासून त्यावर मालिका निघाली आणि ही गोष्ट जगभर पोचली. आपल्याकडच्या शहरांतल्या मुलींपर्यंतही.

गोष्ट अशी. बेली नावाची मुलगी दर उन्हाळ्यात आईबरोबर समुद्रकाठच्या एका घरी राहायला जाते. ते घर तिच्या आईच्या जिवलग मैत्रिणीचं, सुझानाचं. सुझानाला दोन मुलगे. थोरला कॉनराड घुम्या, मनातलं ओठांवर न आणणारा. धाकटा जेरेमाया मोकळा, हसतमुख. बेली लहान असताना ती या मुलांच्या मागे मागे धावणारं शेंडेफळ असते. सोळाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात सगळ्यांची तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. बस्स, एवढीच गोष्ट. पण या दोन भावांवरून वाचकांचे सरळ दोन पक्ष पडले. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये मालिकेचा शेवटचा हंगाम बुधवारच्या बुधवारी दाखवला गेला. तेव्हा ही भांडणं इतकी पेटली, की मालिकेच्या मंडळींना प्रेक्षकांना जाहीर विनंती करावी लागली. पात्रं खोटी आहेत, पण ती वठवणारी माणसं खरी आहेत, त्यांना वाईटसाईट बोलू नका, असा तिचा आशय होता.

मी दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि नातीला म्हटलं, ''मला त्या दोन मुलांपेक्षा त्यांची आई आवडली.'' कारण पहिल्या भागाच्या शेवटाकडे कळतं, की सुझानाचा कॅन्सर उलटला आहे. सगळ्यांचा एक शेवटचा, आनंदाचा उन्हाळा व्हावा म्हणून तिनं आणि बेलीच्या आईनं ही गोष्ट मुलांपासून लपवून ठेवलेली असते. मला तर त्या दोन मैत्रिणींचंच पुस्तक वाचल्यासारखं वाटलं. नात कपाळाला हात लावून म्हणाली, ''आजी, तू भलतीकडेच बघतेस!'' पण ती हसली. मग तिनं मला तिची बाजू समजावून सांगितली.

ते ऐकताना माझ्या लक्षात आलं, की या मुली कोणता मुलगा देखणा यावरून भांडत नव्हत्या. भांडण वेगळंच होतं. जो मनातलं बोलत नाही पण वेळेला उभा राहतो, तो बरा? की जो रोज गोड बोलतो, तो? आपण दुखावलो तर कोण माफी मागतो? आणि बेलीनं दोघांना झुलवलं, की तिलाच अजून स्वतःचं मन कळत नव्हतं? श्रोतेहो, हे प्रश्न सोळाव्या वर्षी घरात कुणापुढे काढायची सोय नसते. स्वतःबद्दल विचारलं, तर आई लगेच विचारणार, ''कोण आहे तो?'' कॉनराडबद्दल विचारलं तर कुणी काही म्हणत नाही. पुस्तकाचा हा आडोसा असतो. आणि मी नेमकी त्या आडोशालाच हसले होते.

मला जास्त लागलं ते यासाठी, की नातीच्या वयाची असताना अशाच एका पुस्तकाच्या आडोशाला मीही बसले होते. आज मला तुम्हाला खरं तर त्या पुस्तकाबद्दल सांगायचं आहे.

त्याचं नाव 'सेव्हन्टीन्थ समर', म्हणजे सतरावा उन्हाळा. लेखिका मॉरीन डेली. तिचा जन्म १९२१ चा, आयर्लंडमधला. लहानपणीच ती कुटुंबाबरोबर अमेरिकेत आली आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँड डू लॅक या गावात वाढली. शाळेत असताना तिनं 'सिक्स्टीन' नावाची कथा लिहिली आणि ती खूप गाजली. एका मुलीला बर्फावर घसरगाडीचे बूट घालून खेळताना एक मुलगा भेटतो, फोन करीन म्हणतो आणि करत नाही, एवढीच ती कथा. मग कॉलेजात शिकता शिकता तिनं ही कादंबरी लिहिली. १९४२ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिका जेमतेम एकवीस वर्षांची होती.

कादंबरी घडते त्याच फाँड डू लॅक गावात, विनेबेगो सरोवराच्या काठी. अँजी मॉरो सतरा वर्षांची, नुकतीच शाळा संपलेली. चार बहिणी, घरात शिस्त, वडील फिरतीच्या नोकरीवर. जॅक डुलुथ हा बेकरीवाल्यांचा मुलगा. गाडीतून घरोघर पाव पोचवतो, बास्केटबॉल चांगला खेळतो. तो अँजीला शिडाच्या होडीतून फिरायला येतेस का, असं विचारतो. जूनमध्ये सुरू झालेली ही ओळख ऑगस्टअखेर संपते. अँजी शिकायला शिकागोला जाते, जॅकच्या घरचे बेकरीचा धंदा आवरून ओक्लाहोमाला जायला निघतात. त्यानं लग्नाचं विचारलेलं असतं. ती नाही म्हणते आणि आगगाडीत बसते.

या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याचं नशीब मात्र गमतीचं. प्रकाशकांनी ते मोठ्यांची कादंबरी म्हणून छापलं होतं. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनी ते 'आमचं' म्हणून उचललं. पुढे किशोरवयीनांच्या साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकी काहींनी त्या साहित्याची सुरुवातच इथून धरली. काही जण ती सुरुवात १९६७ सालच्या 'द आउटसायडर्स'पासून धरतात. ती कादंबरी लिहिणारी एस. ई. हिंटन हीसुद्धा तेव्हा शाळकरी मुलगीच होती. मला यात मौज वाटते ती अशी, की कपाट कोणतं हे प्रकाशकांनी नाही, वाचणाऱ्या मुलींनी ठरवलं. आमच्या वाचनालयात एक बालविभाग होता आणि एक मोठ्यांचा विभाग. मधल्या वयासाठी कपाटच नव्हतं. पंधरा वर्षांची मुलगी आईच्या कार्डावर कादंबरी न्यायची आणि 'आईनं मागवलीय' असं म्हणायची. मी नोंद करायची आणि वर बघायची नाही.

एकाच पुस्तकाचा वाचक पिढीगणिक कसा बदलतो, हेही या कादंबरीवरून दिसतं. १९४२ ची वाचक मुलगी डोळ्यांपुढे आणा. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली, त्याला काहीच महिने झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचं वय वीसवरून अठरावर आणलं गेलं. कादंबरीत युद्धाची सावलीही नाही. पण त्या मुलीनं शेवटचा आगगाडीचा प्रसंग कसा वाचला असेल? तिच्या गावातले जॅक ओक्लाहोमाला जात नव्हते, छावणीत जात होते. लेखिकेनं न लिहिलेली ओळ ती वाचक मनातल्या मनात वाचत असणार.

पुढे काळ बदलला. स्त्रीमुक्तीच्या विचारानं वाचणाऱ्यांना अँजी खटकली. ही मुलगी फोनची वाट बघत घरात बसते काय, मुलानं विचारलं तरच हलते काय, असा त्यांचा आक्षेप होता. तो खोटा नाही. पण हीच अँजी लग्नाला नाही म्हणून शिकायला जाते, हेही खरं. आजच्या वाचकाला आणखी वेगळंच काही दिसतं. इतकी सोवळी कादंबरी, एका चुंबनापाशी थरथरणारी, आणि तिच्यातली पोरं बिनदिक्कत सिगारेटी ओढतात, बिअर पितात! आणि एक तक्रार तर कायमची, की यात काही घडतच नाही. बागेतल्या भाज्या, वाळत घातलेले कपडे, संध्याकाळचा प्रकाश, यांचीच वर्णनं पानोपानी.

पण या कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. तो मला विसरता आलेला नाही.

जॅक पहिल्यांदा अँजीच्या घरी जेवायला येतो. सगळे टेबलाशी बसले आहेत. शेवटी आइस्क्रीम येतं. ते खाताना जॅकच्या दातांवर चमचा वाजतो. टक्. पुन्हा टक्. इतकंच. पण अँजीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आई ऐकतेय, बहिणी ऐकतायत. ज्या मुलासाठी आठवडाभर जीव टांगणीला लागलेला, त्याच्याबद्दल तिचं मन त्या आवाजासरशी विटतं. त्याच्या घरी कसे जेवत असतील, हे विचारही तिच्या डोक्यात येऊ लागतात. मुलगा चांगला आहे, हे तिला माहीत असतं. तरीही लाज वाटते.

हे पुस्तक मी वाचलं १९७६ साली, अठराव्या वर्षी. माझ्या एका कॉलेजमैत्रिणीचा मामा अमेरिकेत होता. तो वापरलेल्या पुस्तकांचं खोकं पाठवायचा, त्यातलं हे एक. मैत्रीण डॉक्टरांची मुलगी. त्यांच्याकडे चहा ट्रेमधून यायचा. माझे वडील एस. टी. च्या डेपोत मेकॅनिक होते. हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं, कितीही घासलं तरी न जाणारं. हे पुस्तक माझ्या हातात येण्याच्या काही महिने आधी ती मैत्रीण पहिल्यांदा आमच्या घरी आली होती. आईनं चहा केला, बेसनाचे लाडू दिले. वडील नुकतेच कामावरून आले होते. ते आमच्याजवळ येऊन बसले, कौतुकानं तिची चौकशी केली आणि नेहमीप्रमाणे बशीत चहा ओतून भुरके मारत प्यायले. तो भुरक्याचा आवाज मी जन्मापासून रोज ऐकत होते. त्या दिवशी तो पहिल्यांदा कानाला टोचला. मी मध्येच उठले, मैत्रिणीला म्हटलं, ''चल, उशीर होतोय.'' तिचा चहा अर्धा राहिला होता. वडील बशी हातात धरून आमच्याकडे बघत राहिले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही.

नंतर कधीतरी मी ही कादंबरी वाचता वाचता त्या चमच्यापाशी आले आणि थांबले. फाँड डू लॅक हे नाव मी त्याआधी ऐकलेलंही नव्हतं. विनेबेगो सरोवर नकाशावर कुठे आहे, हे सांगता आलं नसतं. शिडाची होडी मी तेव्हाही पाहिलेली नव्हती. पण ते टक् टक् मला नीट ऐकू आलं. आपण एकट्याच अशा वाईट नाही, दूर कुठल्यातरी गावातल्या मुलीलाही असंच झालं होतं, याचा केवढा तरी आधार वाटला. आणि त्याच क्षणी आपण काय केलं, तेही स्वच्छ दिसलं. इतकी वर्षं मी लोकांना पुस्तकं दिली. पुस्तक वाचून काय होतं, असं कुणी विचारलं की मला हेच आठवतं.

वडिलांशी त्याबद्दल मी कधीच बोलले नाही. सुचलंच नाही, असं म्हणणार नाही. सुचलं पुष्कळदा. पण अशा गोष्टींना तोंड कसं फोडायचं, हे तेव्हा घरात कुणालाच येत नव्हतं. ते गेले त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली. ती मैत्रीण अजून आहे. एकदा धीर करून तिला त्या संध्याकाळबद्दल विचारलं. तिला फक्त बेसनाचे लाडू आठवत होते. चहाचा आवाज तिनं ऐकलाच नव्हता.

तर हे सगळं मी गेल्या वर्षीच्या त्या सुट्टीत नातीला सांगितलं. मग तिनं आपणहून ते जुनं पुस्तक मागितलं. प्रत मैत्रिणीला कधीच परत गेली होती. मग आम्ही नवी मागवली. हो, इतक्या वर्षांनीही ते पुस्तक मिळतं. नातीनं वाचायला चार दिवस घेतले आणि निकाल दिला, ''आजी, फारच सावकाश आहे. तिनं स्वतः फोन करायला काय हरकत होती? आणि सिगारेटी काय ओढतात!'' मी म्हटलं, ''बरोबर आहे तुझं.'' नंतर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ''पण तो चमचा...''

पुढचं मी तिला आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, विचारूनच तुम्हाला सांगते आहे. माझी लेक मराठी शाळेत शिकली. हिशेबाचं काम उत्तम करते, पण इंग्रजी बोलताना अडखळते. नात इंग्रजी शाळेत. त्यांच्या शाळेत पालकांची सभा होती. बाकीच्या आया फाडफाड बोलत होत्या. हिच्या आईनं उठून एक प्रश्न विचारला, वाक्य मध्येच अडकलं, ती मराठीत बोलून खाली बसली. मागे कुणीतरी मुलगी फिसकन हसली. आणि माझ्या नातीनं काय केलं? पुढच्या सभेची चिठ्ठी घरी दिलीच नाही. दप्तरात ठेवून दिली. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सहा महिने ते तिच्या पोटात होतं.

मी तिला उपदेश केला नाही. मला त्याचा अधिकारही नव्हता. फक्त एवढं म्हटलं, की माझा बाबा मला आता भेटणार नाही, तुझी आई शनिवारी गाडीनं येतेय. शनिवारी रात्री गच्चीवर दोघी बराच वेळ बोलत बसल्या होत्या. काय बोलल्या, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चहा घेताना मला म्हणाली, ''आई, ते चमच्याचं पुस्तक मलाही दे.'' ती कुणाची बाजू घेते, हे ऐकायला मी उत्सुक होते. तिनं वाचून सांगितलं, की तिला जॅकचं वाईट वाटलं. जेवून घरी जाताना तो खुशीत असेल, सगळ्यांनी किती आपुलकीनं वाढलं असं त्याला वाटत असेल.

अठराव्या वर्षी मला अँजी दिसली होती, सोळाव्या वर्षी नातीलाही तीच दिसली. लेकीला जॅक दिसला. आणि मला या खेपेला टेबलाच्या टोकाशी बसलेली अँजीची आई दिसली. तिनं तो आवाज ऐकला असेल का? ऐकला असेल तर लेकीचा चेहराही तिनं पाहिला असणार. कदाचित म्हणूनच ती काही बोलली नसेल.

श्रोतेहो, किशोरवयातल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांना आपण मोठी माणसं फार पटकन नाकं मुरडतो. त्यातल्या पुष्कळ सुमार असतात, हे मी ग्रंथपाल म्हणून कबूल करते. दोन महिन्यांत विसरल्या जातात. पण त्या वाचताना मुलांच्या मनात जे चाललेलं असतं, ते सुमार नसतं. तुमच्या घरात कुणी उन्हाळ्याच्या सुट्टीत असं पुस्तक घेऊन पंख्याखाली पडलं असेल, तर 'काहीतरी चांगलं वाच' हे वाक्य कृपा करून गिळून टाका. विचारा, ''तू कुणाच्या बाजूची?'' आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. जमलं तर ते पुस्तक स्वतः वाचा, आणि आपली बाजूही सांगा.

माझी बाजू विचाराल, तर नातीनं माझं मन वळवलं आहे. मी थोरल्या भावाच्या बाजूची.